हट्ट्याच्या गाडीतली कवळी

१

गाडीच्या मधल्या सीटखाली मिराबाईनं हात घातला आणि बाहेर काढला, तेव्हा तिच्या तळहातावर दात होते. वरचे सगळे. गुलाबी हिरडीसकट. दोन दातांच्या फटीत सुपारीचं खांड अडकून वाळलेलं.

माझ्या बोलण्यातला निम्मा माल भुसा असतो, हे सेनगावात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण ही कवळी मी या डोळ्यांनी पाहिली आणि पाहिल्याबरोबर सकाळचा चहा नरड्यापर्यंत वर आला, हे कुणीही शपथेवर लिहून घ्यावं.

साल दोन हजार चार. सोयाबीन नुकतं निघालं होतं. माझा दोस्त रूपसिंग सेनगावजवळच्या तांड्यावर राहतो. त्यानं बैलजोडी मोडली आणि घरादारासाठी जुनी मोठी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. मिराबाई म्हणजे त्याची बायको. तिचे गुडघे गेलेले. वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन दवाखान्याला जाणं आता तिच्यानं होत नव्हतं. हट्ट्याच्या सोमेश्वररावांची आणि रूपसिंगची ओळख कापसाच्या गाड्यांच्या रांगेत झालेली. एकाची भाकरी, दुसऱ्याची चटणी, एवढीच. त्या ओळखीवर सोमेश्वररावांचा निरोप आला: गाडी काढायची आहे, घरच्यासारख्या माणसाला द्यावी म्हणतो. रूपसिंगचा होकार, मिराबाईचं नाक आणि माझी जीभ, असा लवाजमा हट्ट्याला पोचला.

नाकाचं सांगायला पाहिजे. एकदा हिंगोलीच्या मोंढ्यात हिंगाचं पोतं फाटलं आणि ही बाई तांड्यावर बसून शिंकली. बांधावर उभी राहून ती सांगते, पलीकडच्या गावात कुणाचं वरण करपलंय आणि त्यातली डाळ कुणाकडून उसनी आणलीय. तिच्या सुनांनी चोरून गूळ खाणं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सोडलं.

शेडमध्ये उभी गाडी पांढरी, उंच, पुढाऱ्याला शोभणारी. बाहेरून नवरदेवासारखी चकचकीत. दार उघडलं आणि आतून वास आला. वर उदबत्तीचा, त्याच्याखाली मोगऱ्याच्या अत्तराचा, त्याच्याखाली फिनेलचा. आणि तीन गोधड्या पांघरून कुणी झोपलेलं असावं, तसा त्या तिन्हींच्या खाली आणखी एक वास. तो कसला ते मला कळेना. कळू नये असंच वाटत होतं.

सोमेश्वरराव माळकरी. माळ घातली त्या दिवसापासून खोटं बोलायचं नाही असा त्यांचा नेम. हट्ट्यात शेंबड्या पोरालाही विचारा, हा माणूस खोटं बोलत नाही. इलेक्शन हरले तेही म्हणे भाषणात खरं बोलल्यामुळं.

"रूपसिंगभाऊ," ते माळेला बोट लावून म्हणाले, "ह्या गाडीत घरच्या माणसाबिगर कुणी बसलं न्हाई. इलेक्शन झालं तवापासून पळाली म्हनाल तर नावालाच. सावलीला उभी. रोज आतून धुऊन काढतो. आमच्या आबाचा तर इतका जीव हिच्यात, उतरा म्हनलं तरी उतरत नव्हते."

रूपसिंग विरघळला. तेवढ्यात नाकाच्या मागोमाग वाकत गेलेली मिराबाई कवळी घेऊन वर आली.

"ही कुणाची?"

सोमेश्वररावांच्या तोंडावरची माशी हलली नाही. "आमच्या आबाची."

"आबा कुठं हायेत?"

"गोरेगावला हायेत."

शेडच्या तोंडाशी रामप्रसाद किराणावाला उभा होता. पुढचं त्यानं पुरं केलं. "पुनमताई मुंबईला गोरेगावलाच दिलीय ना. लेकीकडं मजेत असतील जळबाआबा. म्हातारपणी समुद्र दिसायला नशीब लागतं!"

सोमेश्वरराव हसले. बोलले काही नाहीत.

मिराबाईनं कवळी पदराच्या टोकात बांधली. तिचा चेहरा कडू औषध प्याल्यासारखा झाला होता. "मुंबईला गेले," ती म्हणाली, "आन दात हितं ठिऊन?" मग माझ्याकडं वळली. "दादा, ह्येन्ला सांगा. दाताच्या मालकानं सोताच्या तोंडानं घ्या म्हनलं, तरच गाडी घ्यायची. तवर बयाना न्हाई."

"परभणीचं गिऱ्हाईक हाय," सोमेश्वरराव शांतपणे म्हणाले. "उद्या दिवस मावळस्तोवर थांबतो."

२

सोमेश्वररावांचा बंगला नवा. पांढरी फरशी अशी की वाकून टोपी सारखी करून घ्यावी. आम्हाला बाहेरच्या नळावर पाय धुवायला लावले, आणि पाय धुतल्यावरही पायरीवरच बसवलं. सोमेश्वररावांची बायको द्वारकाबाई चहा घेऊन आली. माझ्या बशीतून चहाचा एक थेंब पायरीवर सांडला, तर बाईनं माझ्या पायाशी वाकून तो लगेच पुसला. मला वाटलं, मलाही पुसून टाकते की काय.

"वैनी, गाडीत वास कसला येतो?" मिराबाईनं विचारलं.

"दूध सांडलं. कॅनच्या कॅन उपडा झाला."

"कवा?"

"झाले की चार-दोन म्हैने."

मिराबाईनं मान हलवली. गाडीची चाकं पुसणाऱ्या ड्रायव्हरला, धर्मसिंगला, मी येता येता हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, घूस मेली होती. एका वासाला दोन कारणं, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

"नासलेल्या दुधाचा वास आंबूस, नाकाच्या शेंड्यावर बसतो," मिराबाई माझ्या कानात पुटपुटली. "मेलेल्या घुशीचा जोरकस, पर हप्त्या-पंधरवड्यात निघून जातो. ह्यो तसला न्हाई. ह्यो वास रोज नवा आन रोज जुना हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी रोज लागलेला, रोज धुतलेला. सोमेश्वरराव म्हनले नव्हं, रोज आतून धुतो? सावलीत उभ्या गाडीला आतून रोज धुवायला काय चिखलात लोळते व्हय ती?"

मग ती मोठ्यानं म्हणाली, "वैनी, घर लई छान बांधलं. दाखवा की जरा."

स्तुती ऐकली की फरशीचं भान सुटतं. द्वारकाबाईनं दारातूनच बोट फिरवून सगळं दाखवलं. ही देवाची खोली. ही टीव्हीची. ही पाव्हण्यांची. त्या अंगाला धान्य. वरती पोरांचा अभ्यास.

"आबाची कोनची?"

बोट हवेत थांबलं. "त्येन्ला बाहीर मोकळं बरं वाटतं," द्वारकाबाई म्हणाली आणि कपबशा गोळा करायला लागली. माझ्या बशीत अजून चहा होता.

तिथून आम्ही थेट रामप्रसादच्या दुकानात गेलो. किराणाही तोच, एस्टीडीही तोच. मी त्याला सांगितलं की माझ्या नात्यातला एकजण मुंबईला पुनमताईंच्याच बिल्डिंगीत राहतो, आणि त्याची म्हैस व्यायली हे कळवायचंय. मुंबईच्या बिल्डिंगीतल्या माणसाची म्हैस कुठं असते, हे विचारायचं रामप्रसादला सुचलं नाही. त्यानं नंबर लावून दिला.

पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. मी विचारलं, आबांना जरा देता का?

"आबा?" पुनमताई म्हणाल्या. "आबा हट्ट्याला हायेत की. दादाच्या घरी. कोण बोलून राहिलं? काय झालं आबाला?"

मी 'राँग नंबर' म्हणून फोन खाली ठेवला, म्हशीची थापही पुरी केली नाही. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

३

"मारलं," मी म्हणालो. "म्हाताऱ्याला मारलं आणि गाडीत घालून नेलं. म्हणून वास!"

"हळू बोल," रूपसिंग म्हणाला. बैलांचे पैसे बंडीच्या आतल्या खिशात होते, आणि त्यावर हात ठेवून तो असा उभा होता की जणू खून त्याच्याच खिशात लपवलाय.

आम्ही पुन्हा शेडकडं निघालो. गाडी आणखी एकदा बघतो, असं सांगायला कारण होतंच. शेडच्या मागं माती ताजी उकरलेली दिसली आणि वर घाईघाईनं एक गुलाबाचं रोप खोचलेलं. रोप मलूल. तिथंच पडलेल्या काठीनं मी माती टोकरली. काठीला कापड लागलं. कापडाखाली मऊ.

मी मागं सरकलो तो रूपसिंगच्या पायावर.

मिराबाई मात्र गुडघ्यांची तक्रार विसरून खाली बसली, मातीला नाक लावलं आणि तोंड फिरवून थुंकली. दोनदा.

"गादी हाय. माणूस न्हाई."

"मेलेल्या माणसाचंच अंथरूण टाकतात, मिराबाई!"

"टाकतात, पुरत न्हाईत. आन दादा, बाप मेला आसंल तर लेकाची डोई भादरलेली पायजे. सोमेश्वररावाच्या मिशीला कात्री लागली न्हाई. माळकरी माणूस हाय. बापाला लपवून ठिवील, सुतक लपवून ठिवायचं न्हाई. आबा हायेत म्हनला, हुते म्हनला न्हाई."

ते खरं होतं. मला जरा वाईटच वाटलं. खुनाची गोष्ट सेनगावात आठवडाभर पुरली असती.

मिराबाई गाडीत शिरली आणि मला आत ओढलं. मधल्या सीटच्या टोकाला, दाराच्या आतल्या अंगाला, तेलाचा काळपट डाग होता. डोक्याच्या तेलाचा, डोक्याएवढा. पण कुठं? बसलेल्या माणसाच्या कमरेपाशी.

"बसलेल्याचं डोकं तिथं येतं का?" ती म्हणाली.

"नाही."

"आन ह्ये बघा."

काचेच्या खाली, दाराच्या कडेला, पांढरे ओरखडे. चुना. तंबाखू मळून झाली की बोटाला राहिलेला चुना माणूस हाताशी येईल त्या खांबाला पुसतो; आपल्याकडं देवळाचे खांबही त्यातून सुटत नाहीत. प्रवासात कुणी एखादं बोट पुसलं असतं तर एक रेघ उठली असती. इथं थर होता. थरावर थर, खपली धरलेला, भिंतीला पोपडा धरतो तसा. धुणाऱ्यानं सगळं धुतलं होतं, पण चुना फिनेलनं निघत नाही.

त्या चुन्यानं मला काय सांगितलं ते मी स्वतःला सांगायला तयार नव्हतो.

धर्मसिंग ड्रायव्हर दाराशी येऊन उभा राहिला होता. जवळच्या तांड्यावरचा, मिराबाईच्या माहेरच्या नात्यात कुठंतरी बसणारा. तिनं त्याला वास काय, आबा कुठं, असलं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आबाला सोडायला तूच गेल्तास का रं लेकरा?"

"व्हय, याडी," त्यानं आईला हाक मारावी तसं उत्तर दिलं. "मालक म्हनले गोरेगावला सोड, सोडलं."

"लांबचा पल्ला. जेवलास तरी का वाटंनं?"

"जेवलो की. सेनगावच्या स्टँडवर भजे खाल्ले. आबालाबी दिले, पर त्येन्ला चावंनात."

एवढं बोलला आणि त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं. तो फडकं टाकून निघून गेला.

४

हट्ट्याहून मुंबईला जाणारा माणूस परभणीला जातो आणि रेल्वेत बसतो. सेनगाव त्याच्या पाठीमागं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. सेनगावच्या भज्यांसाठी मुंबईचा माणूस वाट वाकडी करतो असं मी स्वतः अनेकदा सांगितलेलं आहे, पण ती थाप होती.

"दादा," मिराबाई फाट्यावरच्या लिंबाखाली बसत म्हणाली, "सेनगावच्या म्होरं कोनचं गाव?"

सेनगावच्या पुढं गोरेगाव. आपलं गोरेगाव! जिथं मी दर बाजाराला जातो, जिथल्या पानवाल्याची माझ्यावर उधारी आहे.

"तुमी मघापासून ह्यो माणूस खोटं बोलला आसं धरून चाललाय," ती म्हणाली. "म्हनून गाठ सुटंना. मी उलटं धरलं. त्यो एक अक्षर खोटं बोलला न्हाई. बघा बरं. गाडीत घरच्याबिगर कुणी बसलं न्हाई. बराबर. बापच हुता. गाडी सावलीला उभी हुती. उभीच हुती. रोज आतून धुतली. धुवावीच लागंल, म्हाताऱ्या माणसाचं लघवी-पाणी आवरत न्हाई. आबाचा जीव हुता, उतरत नव्हते." ती थांबली. "उतरून जाणार कुठं हुते?"

रूपसिंगच्या ध्यानात अजून येत नव्हतं. किंवा येऊ द्यायचं नव्हतं. "म्हंजी काय म्हनतीस?"

"आबा गाडीत ऱ्हात हुते! बंगल्यात देवाला खोली, टीव्हीला खोली, तुरीच्या पोत्याला खोली. बापाला गाडी. फरशीला डाग नगं म्हनून. झोपायला सीट, उशीला दार, चुना पुसायला काचेखालची कड. आन आता गाडी इकायची, म्हनून आदी आतला माणूस काढला. गादी पुरली. गाडी रिकामी करावी तसा बाप रिकामा केला."

मी गुटख्याची पुडी फोडली होती, ती तशीच फेकून दिली. तोंडात काही घालावंसं वाटेना.

"आन आपलं गोरेगाव काहून?" रूपसिंगनं विचारलं.

"नाव एकच हाय म्हनून. 'गोरेगावला हायेत' म्हनलं की गाव आपसूक मुंबई समजतं. नेम मोडत न्हाई, बापबी दिसत न्हाई. माळ घालून वर हात मोकळे!" ती पुन्हा थुंकली. "पर दादा, चावायला दात न्हाईत म्हाताऱ्याला. कवाचा हाय तिथं, आन काय खात आसंल?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोरेगावात उतरलो. आदल्या दिवशी बाजार झालेला. ओट्यांवर सडके टमाटे, कोबीची पानं, शेरडांच्या लेंड्या, आणि या सगळ्यावर डुकरांचा कारभार. माझं नाक साधं, तरी मी उपरणं लावलं. मिराबाईनं मात्र नाक उघडं ठेवलं आणि त्या घाणीतून सुतासारखी सरळ चालत गेली. एकदाही वळली नाही. देवळाच्या अंगाच्या शेवटच्या ओट्यावर थांबली.

पोत्यावर एक म्हातारा बसला होता. गाल आत गेलेले. समोरच्या हॉटेलवाल्यानं दिलेल्या चहात टोस्ट बुडवून, तो पार विरघळेपर्यंत वाट पाहत होता.

"जळबाआबा?"

त्यांनी वर पाहिलं. मिराबाईनं पदराची गाठ सोडली, बाटलीतल्या पाण्यानं कवळी धुतली, पुन्हा धुतली आणि त्यांच्या हातावर ठेवली. आबांनी ती उलटीपालटी करून बघितली, आपलीच आहे याची खात्री केली आणि पाठ फिरवून तोंडात बसवली. म्हातारा मानी होता.

वळले ते पहिला प्रश्न घेऊनच.

"सोमानं बोलावलं का?"

रूपसिंगनं माझ्याकडं पाहिलं. मिराबाई खाली बघायला लागली. मी आयुष्यभर भुताच्या, वाघाच्या, निजामाच्या हत्तीच्या थापा ठोकल्या. सगळ्या तोंडाला येतील तशा सुटल्या. ही थाप बाहेर काढताना मात्र जीभ जड झाली.

"बोलावलं तर!" मी म्हणालो. "म्हणूनच आलो."

आबांचा चेहरा असा उजळला की माझीच मान खाली गेली.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "सोमा वाईट न्हाई. फरशी नवी हाय, आन माझं हे असं. सून तरी किती पुसंल? मीच म्हनलो, गाडीत झोपतो. तसं त्यानं दार उघडून ठिवलं हुतं, मंग मी म्हनलो. मागं म्हनला, आबा, गोरेगावला देऊळ चांगलं हाय." त्यांनी हात देवळाकडं केला. "हाय की. खोटं न्हाई बोलत त्यो."

"गाडी कशी हाय, आबा?" रूपसिंगनं विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं असावं.

"गाडी लई मजबूत. पावसाळा काढला हिच्यात, एक थेंब आत आला न्हाई. घ्या तुमी. बिनधास्त घ्या."

दाताच्या मालकानं तोंडानं सांगितलं होतं. मिराबाईची अट पुरी झाली होती. आणि ती पदर तोंडात कोंबून रडत होती.

६

दिवस कलायच्या आधी आम्ही हट्ट्यात होतो. आबा जीपमधून उतरले तेव्हाच रामप्रसादनं दुकान उघडं टाकलं आणि मागं निघाला, त्याच्यामागं गाव. फाटकातून आत जाईपर्यंत जत्रा झाली.

सोमेश्वरराव ओसरीत होते. उठून उभे राहिले.

मिराबाईनं शेडच्या तोंडाशी उभं राहून सगळं सांगितलं. चुना, तेलाचा डाग, पुरलेली गादी, सेनगावची भजी. आवाज चढवला नाही. गावकऱ्यांपैकी एकानं जाऊन गुलाब उपटला आणि गादीचं टोक ओढून बाहेर काढलं. वास सुटला तशी माणसं मागं सरली. बायांनी पदर नाकाला लावले. रामप्रसाद पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मीच म्हनलो मुंबई. माझ्याच तोंडानं वदवून घेतलं की!"

"मी एक तरी शब्द खोटा बोललो का?" सोमेश्वररावांनी विचारलं. त्यांचा आवाज शांत होता. त्या शांतपणाची मला जितकी किळस आली, तितकी त्या गादीचीही आली नव्हती.

एकही बोलले नव्हते.

आबांना एवढी माणसं सोसेनात. ते हात हलवत पुढं झाले. "जाऊ द्या, जाऊ द्या रं. झालं गेलं. पोरानं बोलावून घेतलं नव्हं आता?" आणि लेकाच्या तोंडाकडं बघून हसले. सगळे दात दिसले. "बोलावलंस ना, सोमा?"

मी जागच्या जागी मेलो. डोळ्यांनी सोमेश्वररावांना विनवलं. अरे बाबा, हो म्हण. एवढा एकच शब्द. हवं तर उद्या माळ बदल, प्रायश्चित्त घे, गावजेवण घाल. रूपसिंग विनवत होता, रामप्रसाद विनवत होता, भिंतीवर चढलेली पोरंसुद्धा विनवत होती.

सोमेश्वररावांचं बोट माळेवर गेलं.

"न्हाई, आबा," ते म्हणाले. "मी बोलावलं न्हाई."

आबा थोडा वेळ तसेच हसत उभे राहिले. हसू उतरवायचं राहून गेलं असावं. मग त्यांनी बंगल्याच्या पायरीकडं पाहिलं. द्वारकाबाई दारात आडवी उभी होती, फरशी सांभाळत. आबा वळले. हळूहळू शेडमध्ये गेले, गाडीचं दार उघडलं, चप्पल बाहेर काढून ठेवली, आत चढले आणि दार ओढून घेतलं.

गावात एवढी मोठाली माणसं होती, पंच होते, भाऊबंद होते. सगळ्यांना अचानक आपापल्या पायांची बोटं मोजायची होती.

रूपसिंग पुढं झाला. बंडीत हात घातला आणि बैलांचे पैसे काढले.

"सोमेश्वरराव, गाडी घेतली."

"घेतली?"

"हाय तशी घेतली. आत जे हाय त्येच्यासकट."

मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस म्हणेल की बाप विकायचा नाही. सगळं गाव त्या एका 'नाही'साठी कान देऊन होतं. मघाशी किती सोपा आला होता तो शब्द.

सोमेश्वररावांनी पैसे घेतले. किल्ली काढली. देता देता थांबले.

"स्टेपनी नवी हाय," ते म्हणाले. "तिचं येगळं बघावं लागंल."

रूपसिंगनं मनगटातलं चांदीचं कडं उतरवून ओट्यावर ठेवलं आणि किल्ली उचलली. मिराबाई आबांच्या शेजारी बसली. आधी चारी काचा खाली केल्या. मी पुढं बसलो. रूपसिंगला गाडी नीट येत नव्हती, पण धर्मसिंग कुठूनसा आला, त्याला बाजूला सारून चालवायला बसला, आणि मालकानं हाक मारली तरी वळून पाहिलं नाही.

"आबा, तांड्यावर यायचं ना?" रूपसिंगनं विचारलं. "आमच्याकडं खाली शेणानं सारवलेलं हाय. सांडलं-लवंडलं तर जिरून जातं."

मागून आबांचा आवाज आला, स्वच्छ, दातांचा.

"चालू कर."

गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत मी मागं वळून बघितलं. द्वारकाबाई पाण्याचा पाइप घेऊन शेड धुवायला लागली होती.